वैजूची बोंब

समोर कातळात ते भोक दिसतंय ना, बैलगाडीच्या चाकाएवढं, त्याला आम्ही वैजूची बोंब म्हणतो. इथूनच बघा. जवळ जायचं नाही. मघाशी मी तुमच्यावर खेकसले त्याचा राग आलाय तुम्हाला, दिसतंय मला. ह्या ताईंचं तोंड तर एवढंसं झालंय. येऊ दे राग. धोंडवेळ गावात आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ह्या पायरीवर एक शिवी खावीच लागते. चहापाणी मग, वर घरी. आधी शिवी. ही आमच्या गावाची रीत आहे, आणि ती का पडली हे ऐकल्याशिवाय मी कोणाला पायरीवरून हलू देत नाही. बसा. तोंड समुद्राकडे करून बसा हो! त्याला पाठ दाखवून बसतात का कधी? आणि चष्मेवाले, तो खिशात घातलेला दगड काढा आधी. हो, तोच. होता तिथे ठेवा. त्याच्या खाली कोणीतरी राहत होतं.

मला इथे गोकुळकाकी म्हणतात. गोकुळा तांडेल. साठ वर्षं झाली, ह्या खडपावर, म्हणजे ह्या खडकाळ किनाऱ्यावर, शिंपल्यातली कालवं फोडते. घरी आम्ही बोलतो ते तुम्हाला कळायचं नाही, म्हणून शाळेतलं मराठी बोलते. पण शाळेतल्या मराठीत सांगितलं म्हणजे गोड सांगितलं असं समजू नका.

तर फार पूर्वी हा कातळ मुका होता, असं सांगतात. भोक नव्हतं, आवाज नव्हता. लाट यायची, आपटायची, जायची. गावात खोताचा अंमल होता. खोत म्हणेल ती पूर्व. त्याच्या माडांची सावली जिथपर्यंत पडे तिथपर्यंत गावातल्या माणसाने मान खाली घालून चालायचं. आणि ह्या वाडीत दोघी बहिणी राहायच्या. थोरली वैजू, धाकटी तुळशी. आईबाप लहानपणीच गेले, तुळशीला वैजूनेच वाढवलं. वैजूचं लग्न झालं, वर्षाच्या आत नवरा होडीबरोबर गेला. कपाळ पांढरं घेऊन ती पुन्हा बहिणीपाशी आली. तिला जगात तुळशीशिवाय कोणी नव्हतं, आणि तुळशीला तिच्याशिवाय. दोघी पहाटे ओहोटीला कोयती घेऊन खडपावर उतरायच्या आणि पाणी फिरलं की वर यायच्या.

वैजूला समुद्र कळायचा, म्हणे. आम्हालाही कळतो थोडाफार. तिथी सांगा, मी तुम्हाला भरतीची वेळ सांगते, त्याला मोबाईल लागत नाही. पण वैजूचं वेगळं होतं. पाणी निपचित पडलेलं असलं तरी लांबवर बघून ती म्हणायची, आज वर बसा. आणि मग त्या दिवशी नेमक्या कुठूनतरी तीन लाटा एकामागून एक यायच्या आणि अख्खा कातळ धुऊन न्यायच्या. इतर वेळी समुद्र म्हणजे परातीतलं पाणी! तुम्ही मघाशी म्हणालात ना, आज किती शांत आहे? ऐकलं मी. शांत समुद्राने जेवढी माणसं नेली तेवढी खवळलेल्याने नाही नेली. खवळलेल्या समुद्रात उतरतो कोण मरायला?

त्या वर्षी माघात खोताच्या मुलीचं लग्न निघालं. स्थळ घाटावरचं, बडं. वऱ्हाडात दीडशे माणूस, आणि त्यातल्या एकानेही आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही. खोताने पंधरा दिवस आधी दवंडी दिली. व्याह्यांना कशाला म्हणजे कशाला नाही म्हणायचं नाही. मागतील ते द्यायचं, म्हणतील तिथे न्यायचं. कोणाच्या तोंडून अभद्र शब्द गेला तर वाडीतून उठवीन. आणि विधवांनी चार दिवस वऱ्हाडासमोर यायचं नाही.

आता तुम्ही म्हणाल, खोत वाईट. होताच. पण सगळं त्याच्या डोक्यावर थापून आम्ही मोकळे होत नाही. पाहुण्याला नाही म्हणता न येणं हा आम्हा कोकणातल्या माणसांचा जुना रोग आहे. पाहुणा म्हणेल, विहिरीत उडी मारू का? आम्ही म्हणू, मारा की, पण आधी थोडं सरबत घ्या. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. आमच्याकडे ती काळाची बहीण निघाली.

लग्न पार पडलं. दुसऱ्या दिवशी द्वितीया होती. द्वितीयेला दुपारी दीडच्या सुमाराला भरती, आणि तीही उधाणाची. हे वाडीतल्या दूधपित्या पोरालाही ठाऊक. सकाळी दहा-अकराला विहीणबाईंच्या मनात आलं, समुद्रात पाय बुडवावे. तिकडे पुळण आहे, मऊ वाळू आहे, तिकडे नाही जायचं त्यांना. त्यांना इथे यायचं होतं, कातळावर. कोणीतरी सांगितलं होतं की कातळातल्या डबक्यांत रंगीत मासे असतात, फुलासारखे मिटणारे जीव असतात. असतात खरे. आजही आहेत, त्यात बोटं घालू नका.

खोत म्हणाला, अवश्य. विहीणबाईंचा हात धरून न्यायला कोणीतरी हवं, पायाखालचं शेवाळ ओळखणारं. तुळशीला बोलावलं. तुळशीचं नुकतंच लग्न ठरलं होतं, ती नेसून सवरून आली. ती म्हणाली असेल का की पाणी चढतंय? म्हणाली, असं सांगतात. हळूच म्हणाली. 'बाईसाहेब, जरा लवकर वर येऊ हं.' एवढंच. त्याहून मोठ्याने बोलायची गावात कोणाची छाती नव्हती.

वैजू त्या वेळी इथेच होती, त्या तिकडच्या सुळक्यामागे. वऱ्हाडाने बघू नये म्हणून पहाटेपासून दडून कालवं काढत होती. तिने पाहिलं, वऱ्हाड कातळावर उतरलं. बाप्ये, बाया, मुलं, ढोलवालासुद्धा. सगळे समुद्राला पाठ करून एकमेकांकडे बघून हसतायत. विहीणबाई सगळ्यांच्या पुढे, अगदी कडेला, भरजरी शालू सावरत, आणि तिचा हात धरून तुळशी. आणि वैजूने लांब पाण्यावर बघितलं. तिथे तीन काळ्या रेघा उठल्या होत्या.

ती धावली. पांढऱ्या कपाळाची बाई, केस सुटलेले, हातात कोयती, आणि तिने तोंडावर हात मारून बोंब ठोकली. ऐकताय ना? बोंब. आमच्याकडे बोंब दोनदाच मारतात, शिमग्याला नाहीतर घरात कोणी गेल्यावर. आणि हिने ती मारली लग्नाच्या वऱ्हाडासमोर. वर पायरीवर उभ्या खोताचं तोंड काळंनिळं झालं. तो ओरडला, 'गप करा हिला!'

तिला गप्प कोणी केलं असेल? खोताची माणसं लांब होती. जवळ होत्या त्या वाडीतल्या बायका, पाहुण्यांचं सामान घेऊन आलेल्या. तिच्याच शेजारणी. रोज तिच्याबरोबर खडपावर उतरणाऱ्या, तिच्या चुलीतला विस्तव नेणाऱ्या. त्यांनी तिला धरली, खाली पाडली, आणि भिकी नावाच्या एका बाईने तिचाच पदर तिच्या तोंडात कोंबला. 'अगो, गप, वाडीतून उठवील तो आपल्याला,' असं म्हणत कोंबला. त्या बायकांनाही कळत होतं पाणी चढतंय ते. त्यांनीही त्या रेघा बघितल्या असणार. माझ्या अंगाची आग होते हे सांगताना. कारण त्या हातांत माझ्या पणजीच्या पणजीचे हात असतील. बाहेरच्या कोणी नाही केलं हे. आम्ही केलं.

पहिली लाट घोट्यापर्यंत आली. वऱ्हाड हसलं, मुलांनी टाळ्या पिटल्या. दुसरी गुडघ्यापर्यंत आली, तेव्हा थोडी आरडाओरड झाली, मागचे लोक वर पळाले. विहीणबाईला पळता येईना. शालू भिजून पायांत गुंडाळला होता. तुळशी सुटून वर येऊ शकली असती. आली नाही. तिने विहीणबाईला ढकलत त्या फटीत नेली, ती बघा, माणूस मावेल एवढीच फट आहे, तिच्यात कोंबली आणि स्वतः पाठ लावून पुढे उभी राहिली. मग तिसरी लाट आली.

पाणी उतरलं तेव्हा फटीत विहीणबाई होती. तुळशी नव्हती.

आता पुढचं ऐका, आणि मग मला सांगा राग कोणाचा यायला हवा. खोत धावत खाली आला. गावातली एक मुलगी डोळ्यांदेखत गेली होती, तिचा हातही पाण्यावर दिसला होता म्हणे एकदा. आणि खोताने विहीणबाईपुढे हात जोडले आणि म्हणाला, 'शालू भिजला आपला. क्षमा असावी.'

शालू! मेल्याला शालू दिसला!

बायकांनी वैजूला सोडलं. तिने तोंडातला पदर काढला. सगळ्यांना वाटलं, आता ती आकांत करील. ती रडली नाही. वाडीतली म्हातारी माणसं समजूत घालायला आली, म्हणाली, समुद्राने आपला घास घेतला, नशिबात होतं, कोणाच्या हातात असतं का? तेव्हा ती बोलली. असं सांगतात की त्या दिवसापर्यंत वैजूचा आवाज दोन घरांपलीकडे कोणी ऐकला नव्हता. ती म्हणाली, 'समुद्राला बोल लावाल तर जीभ झडेल तुमची. त्याने आधी सांगितलं होतं, मी वाचलं होतं, मी ओरडले होते. माझी तुळशी तुमच्या भिडेने मारली. शंभर तोंडं होती इथे, आणि एक उघडं होतं ते तुम्ही बंद केलंत.' आणि तिने शपथ घातली, की ह्या कातळावर ह्यापुढे कोणी गप्प राहायचं नाही. 'माणसं गप्प राहिली तर हा दगड ओरडेल. मी ओरडायला लावीन त्याला.'

ती घरी गेली नाही. कातळावर बसली आणि कोयतीने दगड फोडत राहिली. भरती आली की वर सरकायची, ओहोटी लागली की पुन्हा तिथेच. टक, टक, टक, वाडीत जेवताना तो आवाज, निजताना तो आवाज. कोणी भाकरी ठेवून आलं तर कावळ्यांना टाकायची. खोताने माणसं पाठवली तिला उचलून आणायला. ती माणसं पायरीपर्यंत आली आणि वैजूकडे बघून परत गेली. तेरा दिवस असे गेले. चौदाव्या दिवशी अमावास्या होती. भर दुपारी उधाण चढलं आणि सगळ्या गावाने एकदम एक बोंब ऐकली. खोताच्या ओसरीवर पानाचं तबक खाली पडलं, म्हणतात. माणसं धावत इथे आली, तर कातळाला आरपार हे भोक पडलेलं, त्यातून पाणी माडाएवढं उंच उडतंय, आणि शेजारी कोयती पडलेली. वैजू नव्हती.

कोणी म्हणतं, ती भोकात गेली. कोणी म्हणतं, ती त्याच पावली गाव सोडून गेली आणि कुठे दूरच्या बंदरात म्हातारी होऊन मेली. मला विचाराल तर ती गाव सोडून गेली असावी. असल्या गावात मीही राहिले नसते.

आणि शिवीची रीत? ती पडली पुढच्या वर्षी. घाटावरून ती विहीणबाई परत आली. एकटी, मेण्यातून, बरोबर वाजंत्री नाही, काही नाही. तिला वैजूचे पाय धरायचे होते. वैजू नाही म्हटल्यावर ती ह्या पायरीवर बसली आणि जमलेल्या बायकांना म्हणाली, 'त्या दिवशी मला कोणी ओरडलं असतं तर ती मुलगी आज जिवंत असती. आता तरी ओरडा.' गाव पुन्हा मुकं. खोताची विहीण! तिला कोण बोलणार? तेव्हा भिकी पुढे झाली, तीच, पदर कोंबणारी. वर्षभर ती कोणाशी बोलली नव्हती. ती ह्या पायरीपुढे उभी राहिली आणि त्या बड्या घरच्या बाईला तिने अशी काही सोलून काढली की म्हणे मेण्याच्या भोयांनी कानांवर हात ठेवले. आंधळे होतात का, पाठ काय करता पाण्याला, कोणाच्या जिवावर डबकी बघायला आलात, तुमच्या पायांना शेवाळ कळत नाही तर ज्याला कळतं त्याचं ऐकायला काय झालं होतं! विहीणबाईने सगळं खाली मान घालून ऐकलं. मग दोघी गळ्यात गळा घालून रडल्या. तेव्हापासून, पाहुणा कितीही मोठा असो, मामलेदार येवो नाहीतर जावई येवो, पायरीवर त्याला आधी आमची एखादी बाई ओरडणार, तो ऐकून घेणार, ती हो म्हणेल तरच उतरणार. पुष्कळ पिढ्या झाल्या. ह्या पायरीला शिवी खाऊन उतरलेला माणूस खडपावर कधी दगावला नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. माझी आई इथेच संपवायची.

पण चार वर्षांपूर्वी माझ्या मुलाने, विलासने, वर घराला दोन खोल्या जोडल्या आणि पाहुणे ठेवायला लागला. चांगलं चाललं होतं. मग कोणीतरी मोबाईलवर लिहिलं, जागा सुंदर, जेवण उत्तम, म्हातारी उद्धट. विलास मला म्हणाला, 'आई, हात जोडतो, ओरडू नकोस गो. गोड शब्दांत सांग. लोक नावं ठेवतात.' वाडीतल्या बाकीच्या घरांनीही तेच ठरवलं. मीही म्हटलं, काळ बदललाय. एवढी शिकलीसवरलेली माणसं येतात, त्यांना काय शिवी द्यायची?

मार्गशीर्षात एक जोडपं आलं. मुलीचं नाव ऋजुता. मला आजी म्हणायची, माझ्या हातची कालवांची कढी दोनदा मागून घेतली तिने. दुसऱ्या दिवशी दोघं इथे उतरली. मी पायरीवर होते, विलास त्यांच्यासाठी शहाळी घेऊन आला होता. मी म्हटलं, 'जरा सांभाळून हं बाळांनो.' ती म्हणाली, 'हो आजी.' आणि समुद्राला पाठ करून फोटोसाठी उभी राहिली. तेवढ्यात भोक ओरडलं. ते ओरडलं की साधारण दहा आकडे मोजेपर्यंत पाणी वर येतं. दहा आकडे म्हणजे पुष्कळ वेळ असतो. मी बोंब ठोकायला हात तोंडापाशी नेला. आणि विलासकडे बघितलं. ओरडू का, असं बघितलं. माझ्याच पोराची भीड पडली मला.

लाटेतून तिच्याबरोबरचा मुलगा आमच्या हाती लागला, वाचला. ती तिसऱ्या दिवशी खाडीच्या तोंडाशी मिळाली.

तिची आई आली होती. ह्याच पायरीवर बसली. माझ्यावर ओरडली नाही, हे सगळ्यात वाईट. शांतपणे विचारलं, 'तुम्ही इथे होतात ना? तुम्हाला ठाऊक होतं ना? तुम्ही काय म्हणालात तिला?' मी म्हटलं, सांभाळून म्हटलं. ती म्हणाली, 'एवढंच?'

त्या दिवसापासून विलास मला काही सांगत नाही. पाहुण्यांना तोच आधी इथे आणून बसवतो आणि मला हाक मारतो. तुम्हालाही त्यानेच आणलं ना?

तर, आजही उधाणाला हे भोक ओरडतं, आणि आजही धोंडवेळेची बाई पाहुण्यावर ओरडते. तुम्हाला काय लिहायचं ते लिहा. म्हातारी उद्धट लिहा, कजाग लिहा, माझं नाव घालून लिहा. गोकुळा तांडेल, तांडेलातला ल विसरू नका. आणि आज खाली कोणी उतरायचं नाही. अमावास्या आहे, पाणी चढतंय. ताई, तुम्ही लांबून आलात, सुट्टी काढून आलात, सगळं कबूल. तरी नाही. वर चला, चहा टाकते.